साडेचार फुटांवरची खिडकी

मैलापुरात, भांड्यांच्या एका दुकानावर दुसऱ्या मजल्याला एक ऑफिस होतं. तिथे चौदा माणसं दिवसभर अमेरिकेतली छपरं बांधत बसायची. बांधायची म्हणजे कॉम्प्युटरवर. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिलं नाही ती माणसं बर्फ घसरून पडावं म्हणून छपराला उतार किती द्यायचा ते ठरवायची. खाली स्टीलच्या कळशांची आदळआपट, वर मिनेसोटातल्या कुणाचं तरी घर, असा तिथला सगळा कारभार. आणि नवल म्हणजे तो बरा चालला होता.

ही गोष्ट २००६ सालच्या एप्रिलातली. रुचिराला तिथे लागून आठ महिने झाले होते. मूळची ती सावंतवाडीची. वडील कौलारू घरांची लाकडं चढवणारे, त्यामुळे आढं, वासे, पाखं हे शब्द तिनं बाराखडीच्या आधी ऐकलेले. म्हणून डॉर्मर आली की बाकीच्यांची त्रेधा उडायची आणि रुचिरा गालातल्या गालात हसायची. डॉर्मर म्हणजे उतरत्या छपरातून डोकं वर काढणारी खिडकी. तिला स्वतःचं छोटं छप्पर, दोन बाजूंना दोन त्रिकोणी भिंती आणि समोर काच. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की ती आपोआप उगवते. उगवते खरी, पण मोठ्या छपराला भोक पाडायचं राहून जातं. मग बाहेरून छान खिडकी दिसते आणि आत जाऊन बघावं तर नुसता उतार, खिडकीचा पत्ताच नाही. नव्या पोरांच्या घरांत अशा आंधळ्या खिडक्या हमखास सापडायच्या.

त्या पकडायचं काम वेंकोबारावांचं. वय एकसष्ट, तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्याला तिकडे जाऊन तीनशे वर्षं झालेली. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रुचिराला हसू आवरेना. शब्द जुन्या पत्रांतले आणि हेल अस्सल तमिळ. पण परक्या गावात आपल्या भाषेचा कुणी म्हातारा भेटला की जीव कसा भांड्यात पडतो, ते घर सोडून राहिलेल्यालाच विचारावं. पंधरा दिवसांत ती त्यांना काका म्हणू लागली आणि त्यांच्या डब्यातलं वांग्याचं आंबट कोळंबू हक्कानं खाऊ लागली.

तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत हातानं नकाशे काढले होते. माऊस त्यांच्या हातात अजूनही अवघडून बसायचा, पण छप्पर त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. रुचिराला समजावताना ते जुन्या लग्नपत्रिका काढायचे, कोपऱ्याला हळद लागलेल्या. कात्रीनं कापून, घड्या घालून टेबलावर छप्पर उभं करायचे आणि दोन पाखी जिथे मिळतात त्या घडीवरून तिला बोट फिरवायला लावायचे. पडद्यावर बघून छप्पर कळत नाही, बोटाला कळावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

ऑफिसची एक पद्धत होती. मॉडेल तयार झालं की ते वेंकोबारावांकडे जायचं. ते तपासणार, बारीकसारीक चूक स्वतःच्या हातानं नीट करणार, फाइल बंद करणार आणि ती अमेरिकेला जाणार. त्यांच्यानंतर कुणी फाइल उघडायची नाही. उघडायची गरजच काय? वेंकोबारावांनी पाहिलं म्हणजे पाहिलं.

त्या शुक्रवारी वेंकोबाराव रजेवर होते. वर्षातून एकदाच रजा घ्यायचे, चैत्रातल्या उत्सवात पार्थसारथीची स्वारी तिरुवल्लिकेणीच्या रस्त्यांतून फिरायची तेव्हा. म्हातारा देवभोळा आहे, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा अमेरिकेहून ईमेलनं पत्र येऊन पडलं होतं. मालक हरिप्रसादनं रुचिराला आत बोलावलं, दार लावलं आणि पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिकडच्या एका गावात, अर्ध्याअधिक झालेल्या घरावर नगरपालिकेच्या तपासनिसानं काम थांबवलं होतं. माळ्यावरच्या मुलांच्या खोलीतली डॉर्मर. तिच्या खिडकीचा खालचा काठ, म्हणजे सिल, जमिनीपासून साडेचार फुटांवर. तिकडे कायदा असा, की झोपायच्या खोलीतली सिल चव्वेचाळीस इंचांच्या वर न्यायची नाही आणि खिडकी एवढी मोठी हवी, की आग लागली तर माणसाला तिच्यातून बाहेर पडता यावं. इथे सिल वर गेली म्हणून खिडकीही आखूड झाली होती. त्यातून मूलसुद्धा धड बाहेर पडलं नसतं. चूक कुणाची आणि आणखी कुठल्या घरात ती झाली आहे का, हे सोमवारपर्यंत कळवा, असं पत्रात लिहिलं होतं.

नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं होती, ती रुचिराची. 

हरिप्रसाद माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यानं पत्र वाचल्यावाचल्या तोडगाही काढून ठेवला होता. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली तेव्हा आकडा आपोआप बदलला, असं लिहायचं. हे एक घर दुरुस्त करून द्यायचं, माफी मागायची आणि बाकीच्या घरांचा विषयच काढायचा नाही. तुझ्यावरही येणार नाही आणि माझ्यावरही, असं तो म्हणाला. रुचिरानं मान हलवली आणि ती जागेवर येऊन बसली. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं होतं. नोकरी नवी, वसतिगृहातली खोली आत्ता कुठे अंगवळणी पडलेली, आणि घरी तोंड दाखवायचं ते कुठल्या तोंडानं?

पण हायसं वाटणं तासभरच टिकलं. आपल्या हातून साडेचार फूट पडलेच कसे, हे तिला उमजेना. तिनं स्वतःकडची जुनी प्रत उघडली. सिल अडीच फुटांवर. पाठवलेली फाइल उघडली. साडेचार. दोन्हींच्या मध्ये या घराला एकाच माणसाचा हात लागलेला.

मग तिनं जे करायचं नव्हतं ते केलं. वेंकोबारावांनी बंद केलेल्या फाइली एकेक करून उघडल्या. माळ्यावर खोल्या असलेली एकेचाळीस घरं होती. संध्याकाळपर्यंत तिनं सगळी पाहिली. मोठ्यांच्या खोल्यांना काहीच झालेलं नव्हतं. अभ्यासिका, पाहुण्यांची खोली, सगळं जिथल्या तिथे. ज्या खोलीवर मुलांची खोली असं लिहिलेलं, तिचीच खिडकी वर सरकलेली. सतरा घरं. प्रत्येकात साडेचार फूट, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही.

चुकून झालेलं काम असं नसतं. रुचिराला आधी राग आला, मग भीती वाटली. सतरांतली कितीतरी घरं बांधून झाली होती. कुठला तपासनीस डोळे उघडे ठेवतो, कुठला ठेवत नाही. त्या खोल्यांतून आज पोरं झोपत होती.

शनिवारी अर्धा दिवस होता. ऑफिस सुटलं तशी तिनं बस धरली आणि ती तिरुवल्लिकेणीला उतरली. गल्लीत बायका दारापुढे तांदळाच्या पिठाचे मोठमोठे कोलम काढत होत्या, लांबून सनईसारखं नादस्वर ऐकू येत होतं. वेंकोबारावांचं बिऱ्हाड एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या बायकोनं, अलमेलूबाईंनी उघडलं. आतमध्ये भर दुपारी दिवा लागलेला. रस्त्याकडची एकुलती एक खिडकी फळ्या ठोकून बंद केली होती आणि फळ्यांवरचे खिळे गंजून काळे पडले होते. बाजूला भिंतीवर एका लहान मुलाचा फोटो, त्याला ताजा हार. रस्त्यानं सगळं गाव देवाला बघायला लोटलेलं आणि या घराला तो रस्ताच दिसत नव्हता.

वेंकोबाराव आत पडले होते. अलमेलूबाईंनी कॉफी केली आणि रुचिरानं काही विचारलं नसताना फोटोकडे बघत सांगून टाकलं. माधू. पाच वर्षांचा. अठ्ठावीस वर्षं झाली. स्वारी येत होती, वाजंत्री ऐकून पोर उतावीळ झालं. बाप इथेच टेबलाशी नकाशा काढत होता, एवढी रेघ झाली की उठतो म्हणून सांगत होता. खिडकीचा एक गज कुजून निसटला होता, तोही बसवायचा राहिला होता. पोरानं कपड्यांची पेटी ओढत आणली, तिच्यावर चढलं आणि वाकून बघायला गेलं.

अलमेलूबाईंनी पुढचं सांगितलं नाही. रुचिरानं कप खाली ठेवला. इथे आपण काय बोलायला आलो आहोत या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आल्या पावली परत जावं, सॉफ्टवेअरवर ढकलून मोकळं व्हावं, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात वेंकोबाराव बाहेर आले. तिचा चेहरा बघूनच त्यांना काहीतरी कळलं असावं. ते समोर बसले आणि काय झालं ते सांग, म्हणाले. रुचिरानं पत्राचं सांगितलं. सतरा घरांचंही सांगितलं.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मीच वाढवली," ते म्हणाले. "मुलांचे खोलीस अडीच फुटांवर खिडकी, तीही बिनगजांची! असें घर माझे हातून कसें जाऊं देऊं, बाळे? साडेचार फुटांवर पोराचा हात पोंचत नाहीं."

रुचिरानं कायदा सांगितला. तो त्यांनीही कधीतरी वाचला होता. पण तो काही त्यांच्या गळी उतरला नव्हता. सिल फार वर नेऊ नये, हे बहुधा उजेडासाठी असेल, असं त्यांनी धरलं होतं. आणि एखादी खिडकी जरा जास्तच सुरक्षित केली म्हणून कायदा कुणाला फासावर देतो? अख्खा जन्म अशा गावात गेलेला, जिथे खिडकी म्हटली की गज आलेच. वारा आत येतो, चोर बाहेर राहतो.

"खिडकींतून बाहेर कोण जातो?" त्यांनी विचारलं. विचारलं आणि त्यांचीच नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

रुचिराला रडू यायला लागलं होतं, पण ती बोलली. बोलावंच लागलं. "काका, तिकडे घरं लाकडाची. जिना पेटला तर माळ्यावरच्या पोराला तेवढीच वाट असते. तिथून ते खाली उडी मारतं, नाहीतर बंबवाला शिडी लावून त्याला काढतो. ती वाट आपण बंद केलीये."

अलमेलूबाई उठून आत गेल्या. खाली रस्त्यावर स्वारी आली होती, फळ्यांच्या फटींतून नुसता आवाज येत होता. वेंकोबारावांनी एकदा त्या फळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, सोमवारी साडेसातला ऑफिस उघडशील का?

किल्ली रुचिराकडे असायची. सोमवारी ती पोचली तेव्हा ते जिन्यात उभे होते, हातात छोटी वही. सतराही घरांचे क्रमांक त्यात तारखेसकट लिहिलेले होते. एकेका पोराला वाचवलं म्हणून त्यांनी त्यांची नोंद ठेवली होती. रुचिरानं ती वही पाहिली आणि तिला त्यांच्याकडे बघवेना.

पत्रातलं घर तिनं उघडलं. त्यांना खुर्ची दिली आणि माऊस त्यांच्या हातात दिला. सिल खाली आणायची म्हणजे एक आकडा खोडून दुसरा घालायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. पण म्हाताऱ्याचा हात काही उचलेना. 

तेव्हा रुचिराला सुचलं. या सॉफ्टवेअरमध्ये घराच्या आत कॅमेरा ठेवता येतो. तो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरलेला असतो, साडेपाच फुटांवर, आणि तिथूनच सगळेजण खोल्या बघतात. तिनं मुलांच्या खोलीत कॅमेरा ठेवला आणि उंचीच्या जागी तीन फूट घातले.

पडद्यावर भिंत आली. नुसती भिंत. वर, मान मोडेल इतक्या वर, काचेची एक पट्टी आणि तिच्यात निळं आभाळ. झाड नाही, रस्ता नाही, माणूस नाही.

वेंकोबाराव पुढे सरकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग अगदी हळू, पडद्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आमचे घरची खिडकी चार फुटांवर आहे. मी मोजली होती. तो गेला ते दिवशींच मोजली." त्यांनी पडद्यावरच्या काचेच्या पट्टीला बोट लावलं. "उंच होती म्हणून त्यानें पेटी आणली, बाळे. आणि मी आणखी उंच करीत गेलों."

रुचिरानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. खालच्या दुकानाचं शटर वर गेलं, कळशा बाहेर मांडायला सुरुवात झाली. मग वेंकोबारावांनी आकडा खोडला आणि अडीच फूट घातले. भिंत खाली गेली आणि समोर हिरवळ आली, फाटक आलं, ऑफिसातल्याच कुणीतरी हौसेनं लावलेलं एक झाड आलं. त्यांनी ते पाहिलं आणि पुढचं घर उघडलं.

सतरा घरं व्हायला दोन तास लागले. प्रत्येक घरात ते आधी तीन फुटांवरून भिंत बघायचे, मग सिल खाली आणायचे. एकही भिंत त्यांनी चुकवली नाही. शेवटी त्यांनी पत्र सांगितलं, रुचिरानं ते इंग्रजीत लिहिलं. चूक सॉफ्टवेअरची नाही, रुचिराचीही नाही. मी जाणूनबुजून खिडक्या वर नेल्या, त्या घरांतली मुलं आगीत अडकतील, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सोबत सतराही घरांची यादी आणि दुरुस्त केलेले नकाशे. कृपा करून प्रत्येक घरी माणूस पाठवा. खाली त्यांचं पूर्ण नाव.

हरिप्रसाद साडेदहाला आला तोवर पत्र गेलं होतं. त्यानं डोक्याला हात लावला. रुचिराला फैलावर घेतलं, वेंकोबारावांना मात्र एक शब्द बोलला नाही. दुपारी मान खाली घालून त्यानं एवढंच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. वेंकोबारावांनी पट्टी आणि तांबडी पेन्सिल पिशवीत टाकली. जाताना एक जुनी लग्नपत्रिका रुचिराच्या टेबलावर ठेवली, अजून न कापलेली.

अमेरिकेहून शिव्या आल्या, काम अर्ध्यावर आलं, पण बंद झालं नाही. तिकडच्या लोकांनी घरं शोधायला सुरुवात केली. काही अजून बांधायचीच होती, तिथे प्रश्नच नव्हता. बाकीच्या ठिकाणी भिंती कापून खिडक्या खाली आणल्या. जूनपर्यंत चौदा घरं मिटली. तीन घरं मात्र विकली गेली होती, दोन एकदा, एक तर दोनदा, आणि आत कोण राहतं याचा पत्ता लागेना.

दर शनिवारी अकरा वाजता ऑफिसचा फोन वाजायचा. वेंकोबाराव कसं चाललंय वगैरे काही विचारायचे नाहीत. "तीं तीन?" एवढंच. रुचिरा नाही म्हणायची. मग पलीकडून फोन बंद व्हायचा. त्या एका ‘नाही’ची तिला आठवडाभर धास्ती असायची, आणि फोन आला नाही तर, याची त्याहून जास्त.

ऑगस्टातल्या एका शनिवारी मात्र फोन वाजला तेव्हा तिनं त्यांना विचारूच दिलं नाही. "एक सापडलं, काका. दोन राहिली."

मग त्यांनी विचारलं, कोण राहतं तिथे? रुचिरानं पत्र वाचून सांगितलं. नवराबायको आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. ती त्याच खोलीत झोपते. खिडकी मंगळवारी खाली आणली.

"आणि तीस तेथून काय दिसतें?"

हे काही पत्रात नव्हतं. रुचिरानं फोन खांद्याला दाबून धरला आणि ते घर उघडलं. माळ्यावर गेली, मुलांच्या खोलीत कॅमेरा ठेवला, तीन फुटांवर. मग जे दिसत होतं ते तिनं एकेक करून सांगितलं. समोर हिरवळ आहे. डाव्या हाताला गाडीची वाट, तिच्या टोकाला टपालाचा डबा. पलीकडे शेजाऱ्यांचं छप्पर, त्यालाही डॉर्मर आहे. आणि रस्ता. लांबपर्यंत रस्ता दिसतो, काका, कोण येतंय ते जागेवरून कळतं.

"उभें राहून?"

"नुसतं उभं राहून."

मागे त्यांच्याकडे कुठेतरी रिक्षाचा भोंगा वाजला, भाजीवाली ओरडत गेली. त्या फळ्या ठोकलेल्या खोलीतून रस्त्याचे आवाज इतके स्वच्छ फोनवर आधी कधी आले नव्हते.

"मग पेटी लागायची नाहीं," ते म्हणाले.